बाहेरून लावलेले औषध आत किती जाते?
मळमळीवरील औषधांच्या निमित्ताने त्वचामार्गाच्या मापनपद्धतींचा परिचय

प्रास्ताविक

“बाहेरूनच तर लावायचे आहे, त्याने काय अपाय होणार?” हा प्रश्न चिकित्सालयात व औषधालयात आपणा सर्वांच्या कानी वारंवार पडतो. त्याच्या नेमके उलट विधानही आपण ऐकतो, क्वचित स्वतः करतोही: “हे तेल आत मुरते, थेट सांध्यापर्यंत पोहोचते.” ही दोन्ही विधाने परस्परविरोधी आहेत, आणि दोन्हींमागे बहुधा कोणतेही मोजमाप नसते. त्वचेवर लावलेले द्रव्य आत जाते का, किती जाते आणि किती वेळाने जाते, हे आज प्रयोगशाळेत मोजता येते. त्या पद्धतींची ओळख वैद्यबंधूंना व औषधविक्रेत्यांना करून द्यावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विषय सुबोध व्हावा म्हणून छर्दी व हृल्लास यांवर आधुनिक वैद्यकात वापरल्या जाणाऱ्या त्वचामार्गी औषधांचे उदाहरण घेतले आहे. त्यातील एक औषध त्वचेतून उत्तम जाते. दुसरे जाते असे वर्षानुवर्षे मानले गेले, पण मोजल्यावर ते जात नसल्याचे आढळले. या दोन उदाहरणांत आपणा सर्वांसाठी बोध आहे.

शास्त्रोक्त भूमिका

त्वचामार्गाचा विचार आयुर्वेदास नवा नाही. सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानात त्वचेचे सात स्तर वर्णिले आहेत. अभ्यंग, परिषेक, अवगाह व आलेपन यांतील द्रव्यांचे पचन त्वचेतील भ्राजक पित्त करते, आणि त्यांचे वीर्य रोमकूपांशी संबद्ध तिर्यग्गत धमन्यांच्या द्वारे शरीरात प्रवेशते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. लेप प्रतिलोम दिशेने लावावा व वाळल्यावर ठेवू नये, हे निर्देशही याच विचारातून आले. टीकाकार डल्हणाने तर स्नेह रोमान्तापर्यंत ३०० मात्रांत, त्वचेपर्यंत ४०० मात्रांत आणि पुढे क्रमाने एकेका धातूपर्यंत जात ९०० मात्रांत मज्जेपर्यंत पोहोचतो, असा कालही दिला आहे.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, ‘किती वेळात, कुठवर’ हा प्रश्न डल्हणास पडला होता. आधुनिक प्रयोगशाळा हाच प्रश्न वेगळ्या साधनांनी विचारते, आणि त्यास ‘किती’ या प्रश्नाची जोड देते.

पहिले उदाहरण: कानामागील पट्टी

धत्तूर व पारसिक यवानी अर्थात खुरासानी ओवा या वनस्पती आपल्या परिचयाच्या आहेत. या कुळातील वनस्पतींत आढळणारे स्कोपोलामीन अथवा हायोसीन हे अल्कलॉइड प्रवासातील मळमळीवर प्रभावी आहे. मात्र पोटात घेतल्यास त्याचा परिणाम थोडा काळ टिकतो आणि रक्तातील पातळी एकदम चढल्याने तोंड कोरडे पडणे, गुंगी, दृष्टी अंधुक होणे ही लक्षणे त्रास देतात. अल्प मात्रा दीर्घकाळ, सावकाश मिळत राहिली तर हा दोष बराच टळतो. या विचारातून अमेरिकेतील अल्झा या कंपनीने कानामागे चिकटवावयाची पट्टी विकसित केली. तिला १९७९ मध्ये तेथे मान्यता मिळाली. त्वचेतून सर्व शरीरास औषध देणारी ती पहिली मान्यताप्राप्त पट्टी होय.

या पट्टीचा आकार सुमारे २.५ चौ.सें.मी. असून ती ३ दिवसांत साधारण १ मि.ग्रॅ. औषध देते. म्हणजे सरासरी ताशी सुमारे १४ मायक्रोग्रॅम, आणि दर चौ.सें.मी. मागे ताशी साडेपाच मायक्रोग्रॅम. प्रवासाच्या किमान ४ तास आधी ती लावण्यास सांगतात. ही सूचना कोठून आली, ते पुढे स्पष्ट होईल.

कर्करोगावरील रसायनोपचारात होणाऱ्या उलट्यांसाठी ग्रॅनिसेट्रॉन या औषधाची पट्टी अमेरिकेत २००८ मध्ये मान्य झाली. तिचा आकार ५२ चौ.सें.मी. असून तीत ३४.३ मि.ग्रॅ. औषध असते. ती दर २४ तासांस ३.१ मि.ग्रॅ. या वेगाने ७ दिवसांपर्यंत औषध देते. हिशेब केल्यास ७ दिवसांत २१.७ मि.ग्रॅ. शरीरात जाते आणि १२ मि.ग्रॅ. हून अधिक पट्टीतच उरते. वापरलेली पट्टी घडी घालून, मुलांच्या हाती लागणार नाही अशी टाकावी असे सांगण्याचे कारण हेच आहे.

दुसरे उदाहरण: मनगटावरील जेल

अमेरिकेत मरणासन्न रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या संस्थांत लोराझेपाम, डायफेनहायड्रामीन व हॅलोपेरिडॉल या तीन औषधांचे एक जेल अनेक वर्षे वापरात होते. औषधालयेच ते मागणीनुसार तयार करून देत. ज्या रुग्णास गोळी गिळवत नाही, त्याच्या मनगटावर हे जेल चोळायचे आणि मळमळ शमेल अशी अपेक्षा करायची, असा परिपाठ होता. नातेवाईकांस काही तरी केल्याचे समाधान मिळे आणि परिचारिकांचाही त्यावर विश्वास होता.

२०१२ मध्ये १० निरोगी स्वयंसेवकांच्या मनगटावर हे जेल लावून ४ तासांपर्यंत रक्ताचे नमुने तपासण्यात आले. लोराझेपाम व हॅलोपेरिडॉल एकाच्याही रक्तात आढळले नाही. डायफेनहायड्रामीन काहींत आढळले, पण उपचारास पुरेल इतके कोणातही नव्हते. त्यानंतर कर्करोगाच्या रुग्णांवर झालेल्या तुलनात्मक चाचणीतही हे जेल निष्क्रिय जेलपेक्षा सरस ठरले नाही. २०१३ मध्ये तेथील उपशामक चिकित्सकांच्या संघटनेने मळमळीसाठी ते वापरू नये, अशी शिफारस केली.

या वापरात कोणाची लबाडी नव्हती. मापन मात्र कोणी केले नव्हते. त्या काळात ज्या रुग्णांच्या मळमळीवर हेच एक औषध दिले गेले, ते वस्तुतः औषधावाचूनच राहिले.

त्वचेचा अडसर

त्वचेचा खरा अडसर म्हणजे सर्वांत बाहेरचा मृत पेशींचा शृंगस्तर. त्याची जाडी बहुतेक भागांत केवळ १० ते २० मायक्रोमीटर, म्हणजे कागदाच्या जाडीहूनही पुष्कळ कमी असते. त्याची रचना विटा व चुन्याच्या भिंतीसारखी आहे. पेशी या विटा आणि मधली स्निग्ध द्रव्ये हा चुना. औषधास बहुतांशी या चुन्यातून वाट काढावी लागते. म्हणून काही अंशी स्निग्धात व काही अंशी जलात विद्राव्य असलेला लहान रेणू सर्वांत सुलभपणे जातो. ५०० डाल्टनहून मोठा रेणू निरोगी त्वचेतून क्वचितच पुरेसा जातो, हा ठोकताळा २००० मध्ये मांडला गेला. स्कोपोलामीनचा रेणुभार सुमारे ३०३ व ग्रॅनिसेट्रॉनचा सुमारे ३१२ आहे.

केवळ रेणुभार पाहून मात्र भागत नाही. वरील जेलमधील तिन्ही औषधे ५०० डाल्टनच्या आतच आहेत. रेणू विद्युतभारित आहे की नाही, आधारद्रव्य कोणते, त्यात औषध किती विरघळले आहे व ते किती काळ त्वचेवर राहते, या सर्वांवर परिणाम अवलंबून असतो. म्हणूनच अनुमान पुरेसे होत नाही, प्रत्यक्ष मोजावे लागते.

फ्रान्झ कोश

मापनाचे सर्वांत प्रचलित साधन म्हणजे फ्रान्झ कोश. थॉमस फ्रान्झ यांनी १९७५ मध्ये मानवी त्वचेतून १२ संयुगांचे पारगमन या पद्धतीने मोजले आणि ते जिवंत माणसांवरील पूर्वीच्या निष्कर्षांशी ताडून पाहिले. तेव्हापासून हा कोश त्यांच्या नावाने ओळखला जातो.

रचना साधी आहे. काचेचे दोन कक्ष एकावर एक असतात व त्यांच्यामध्ये त्वचेचा तुकडा घट्ट बसवलेला असतो. वरच्या दाता कक्षात त्वचेवर औषध लावतात. खालच्या ग्राही कक्षात रक्ताच्या जागी ७.४ पीएचचे बफर द्रावण असते. त्यात बारीक चुंबकीय कांडी फिरत राहते, त्यामुळे खाली आलेले औषध एका जागी साचत नाही. कोशाभोवती कोमट पाणी खेळवून त्वचेचा पृष्ठभाग ३२ अंश सेल्सिअसला स्थिर ठेवतात, कारण जिवंत माणसाच्या त्वचेचे तापमान साधारण तेवढेच असते. कक्षाच्या बाजूच्या नळीतून ठराविक वेळी नमुना काढतात व तितकेच ताजे द्रावण परत घालतात. नमुन्यातील औषध एचपीएलसी यंत्राने मोजतात. स्कोपोलामीनसारख्या अत्यल्प मात्रेच्या औषधासाठी त्याला मास स्पेक्ट्रोमीटरची जोड द्यावी लागते.

पटल कोणते?

या प्रश्नावर प्रयोगाचे मोल ठरते. शस्त्रक्रियेत काढलेली अथवा मृत्यूनंतर मिळालेली मानवी त्वचा सर्वोत्तम, पण तिच्यासाठी नीतिसमितीची अनुमती आवश्यक असते. डुकराच्या कानाची त्वचा मानवी त्वचेशी बरीच जुळते. उंदराची त्वचा अधिक झिरपणारी असल्याने तीवरील आकडा प्रत्यक्षाहून फुगलेला येतो.

सेलोफेन, डायलिसिस पटल वा सेल्युलोज ॲसिटेट ही पटले त्वचेची जागा घेऊ शकत नाहीत. त्यांतून औषध गेले याचा अर्थ इतकाच की, ते मलमातून वा तेलातून सुटून बाहेर आले. यास विमोचन म्हणावे. त्वचा ओलांडून जाणे यास पारगमन म्हणावे. गुणनियंत्रणासाठी, म्हणजे मलमाचा आजचा घाणा कालच्यासारखा आहे का हे पाहण्यासाठी, विमोचन-परीक्षा उपयुक्तच आहे. परंतु तिचा आकडा ‘त्वचेतून शोषण’ म्हणून माहितीपत्रकावर छापणे ही दिशाभूल होय.

आकडा कसा काढतात?

समजुतीसाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. ग्राही कक्षाचे आकारमान १२ मि.लि., त्वचेचे उघडे क्षेत्र २ चौ.सें.मी. व दर वेळी काढलेला नमुना १ मि.लि. आहे असे माना.

१) ४ तासांनी दर मि.लि.मध्ये २ मायक्रोग्रॅम औषध आढळले. कक्षात एकूण २४ मायक्रोग्रॅम, म्हणजे दर चौ.सें.मी. मागे १२.

२) ८ तासांनी ५ मायक्रोग्रॅम आढळले. कक्षात ६०, अधिक आधीच्या नमुन्यासोबत बाहेर गेलेले २, असे ६२. म्हणजे दर चौ.सें.मी. मागे ३१.

३) २४ तासांनी १८ मायक्रोग्रॅम आढळले. कक्षात २१६, अधिक आधी काढलेले ७, असे २२३. म्हणजे दर चौ.सें.मी. मागे १११.५.

८ ते २४ तास या १६ तासांत दर चौ.सें.मी. मागे ८०.५ मायक्रोग्रॅमची भर पडली, म्हणजे ताशी सुमारे ५. यास वहनवेग अथवा फ्लक्स म्हणतात. आलेखावरील ही सरळ रेषा मागे वाढवली तर ती कालाक्षास साधारण २ तासांच्या खुणेवर छेदते. हा विलंबकाल होय. त्वचा औषधाने भरेपर्यंत खाली फारसे काही उतरत नाही, असा त्याचा अर्थ. कानामागील पट्टी ४ तास आधी आणि ग्रॅनिसेट्रॉनची पट्टी रसायनोपचाराच्या २४ ते ४८ तास आधी लावण्याच्या सूचनेमागे हा विलंब व रक्तात पुरेशी पातळी चढण्यास लागणारा काळ ही दोन्ही कारणे आहेत. प्रत्यक्ष प्रयोगात अर्थातच तीनहून पुष्कळ अधिक नमुने घेतात.

प्रयोगाअखेर आणखी एक हिशेब मांडावा लागतो. त्वचेवर उरलेले, शृंगस्तरात अडकलेले, खालच्या त्वचेत मुरलेले व ग्राही द्रावणात उतरलेले औषध यांची बेरीज लावलेल्या मात्रेशी जुळली पाहिजे. शृंगस्तरातील औषध काढण्यासाठी चिकटपट्टी पुनःपुन्हा लावून तो थराथराने उचलतात. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २००४ मधील ४२८ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत या पद्धतीची चौकट दिलेली आहे. ‘लावले ते गेले’ असे समजण्याची सोय या हिशेबात नाही.

प्रयोगातील नेहमीचे दोष

- त्वचेस सूक्ष्म छिद्र वा ओरखडा असणे. प्रयोगापूर्वी त्वचेचा विद्युत्‌रोध अथवा तिच्यातून होणारे बाष्पोत्सर्जन मोजून ती अभंग असल्याची खात्री करावी लागते.
- त्वचेखाली हवेचा बुडबुडा राहणे. तेवढ्या क्षेत्रातून औषध उतरत नाही व आकडा खोटा कमी येतो.
- ग्राही द्रावणात औषध पुरेसे न विरघळणे. द्रावण भरत आले की वहन मंदावते. म्हणून त्यातील औषधाचे प्रमाण विद्राव्यतेच्या सुमारे दहाव्या भागाच्या आत ठेवतात. तैलकल्पांत हा दोष विशेष संभवतो.
- प्रत्यक्षात पातळ थर लावला जाणार असता प्रयोगात औषधाचा मोठा साठा त्वचेवर ठेवणे. साठ्याचा आकडा पातळ थरास लागू होत नाही.
- एकाच व्यक्तीच्या त्वचेवर विसंबणे. व्यक्तिपरत्वे वेग पुष्कळ बदलतो, म्हणून अनेक दात्यांची त्वचा व प्रत्येकीचे अनेक तुकडे लागतात.

या व्यक्तिभेदावर अल्झाच्या संशोधकांनी काढलेला तोडगा उद्बोधक आहे. त्यांनी पट्टीतच एक सूक्ष्मछिद्री पटल घातले व त्याचा वेग बहुतेकांच्या त्वचेच्या वेगाहून कमी ठेवला. त्यामुळे मात्रेचे नियंत्रण त्वचेकडून पट्टीकडे आले. आधी त्वचा मोजली होती, म्हणूनच हे साधले.

स्थान, उष्णता व आच्छादन

शरीराच्या सर्व भागांची त्वचा सारखी नाही. १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मापनात हायड्रोकॉर्टिसोनचे शोषण अग्रबाहूवर १ मानल्यास तळपायावर ०.१४, शिरोत्वचेवर ३.५, कपाळावर ६, जबड्याच्या कोनावर १३ आणि वृषणत्वचेवर ४२ आढळले. कानामागील जागा निवडण्यामागेही तेथील त्वचा अधिक पारगम्य असल्याचा अनुभव होता. उष्णता, घाम, घट्ट आच्छादन व क्षतयुक्त त्वचा यांनी हे प्रमाण आणखी वाढते.

आपल्या व्यवहाराशी याचा थेट संबंध आहे. धत्तूरसिद्ध तेल अथवा धत्तूरपत्रे बांधून वर शेक देण्याचा प्रघात अनेक ठिकाणी आहे. त्या तेलात स्कोपोलामीन किती हे बहुधा कोणी मोजलेले नसते. क्षेत्र मोठे, वर पत्राचे आच्छादन आणि त्यावर उष्णता, असे तिन्ही घटक एकत्र येतात. पट्टीचे क्षेत्र अडीच चौ.सें.मी., तर गुडघ्याभोवतीच्या लेपाचे क्षेत्र शेकडो चौ.सें.मी. असते, हे ध्यानात घ्यावे. शिवाय हे औषध घाम रोखते. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या पट्टीमुळे शरीराचे तापमान धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते, असा इशारा दिला. त्यात रुग्णालयात दाखल होण्याच्या व मृत्यूच्याही घटना नमूद असून, बहुतेक घटना १७ वर्षांपर्यंतच्या मुलांत व ६० वर्षांवरील वृद्धांत घडल्या आहेत.

औषध नियमांच्या ई (१) परिशिष्टात धत्तूर व पारसिक यवानी यांचा विषद्रव्यांत समावेश आहे. परंतु ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ हा इशारा आभ्यंतर प्रयोगाच्या औषधांच्या वेष्टनावर बंधनकारक आहे. बाह्य प्रयोगाच्या तेलाबाबत सावध करण्याची जबाबदारी म्हणूनच देणाऱ्यावर अधिक येते.

व्यवहारात काय करावे?

१) विषवर्गीय द्रव्याच्या बाह्य कल्पाची मात्रा, क्षेत्र व काल चिकित्सापत्रावर स्पष्ट लिहावा. ‘आवश्यकतेनुसार लावावे’ असे मोघम लिहू नये.

२) अशा तेलावर स्वेदन देताना वृद्ध, बालक, काचबिंदू व मूत्रावरोध असलेले रुग्ण वर्ज्य समजावेत. तोंडास कोरड, बाहुली विस्फारणे, घाम बंद होणे, बरळणे ही लक्षणे दिसताच कल्प धुऊन काढावा व रुग्णास त्वरित रुग्णालयात पाठवावे.

३) पट्टी वा तेल हाताळल्यावर हात साबणाने धुण्यास सांगावे. बोट डोळ्यास लागून एकाच डोळ्याची बाहुली विस्फारल्याची उदाहरणे स्कोपोलामीनच्या पट्टीबाबत नोंदलेली आहेत.

४) औषधालयातील पोटदुखीचे हायोसीन ब्युटिलब्रोमाइड व पट्टीतील हायोसीन एक समजू नये. पहिल्याचा रेणू कायम विद्युतभारित असल्याने तो अशा स्निग्ध अडसरांतून सहजी जात नाही.

५) ‘त्वचेत खोलवर शोषले जाते’ असे सांगणाऱ्या उत्पादकाच्या प्रतिनिधीस चार प्रश्न विचारावेत: कोणते घटकद्रव्य मोजले? पटल त्वचेचे होते की सेलोफेनचे? किती जणांची त्वचा वापरली? लावलेल्या मात्रेचा पूर्ण हिशेब लागला का? उत्तरे मिळाली नाहीत तर तो दावा जाहिरात समजावा.

समारोप

फ्रान्झ कोशास मर्यादा आहेत. त्यात रक्ताभिसरण नाही, जिवंत त्वचेतील पचन जवळजवळ नाही, आणि बहुद्रव्यी तैलकल्पात नेमके काय मोजावे हा प्रश्नही तो सोडवत नाही. म्हणून त्याच्या निष्कर्षास शेवटी रुग्णाच्या रक्तातील पातळीची व लक्षणांची साक्ष लागतेच. अभ्यंगाचे सारे फल औषध रक्तात उतरण्यावर अवलंबून आहे, असाही माझा दावा नाही. स्पर्श, मर्दन व स्नेहन यांचे कार्य स्वतंत्र आहे. परंतु जेथे आपण ‘द्रव्य आत जाते’ असे म्हणतो, तेथे ‘किती’ हे सांगण्याची तयारी हवी. आणि जेथे ‘बाहेरच राहते’ म्हणतो, तेथेही तेच. मनगटावरील त्या जेलने रुग्णास फसवले ते औषध आत न गेल्याने. धत्तूराचे तेल फसवू शकेल ते आत गेल्याने. आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी व फार्मसी महाविद्यालयांनी मिळून प्रचलित विषवर्गीय तेलांपैकी एकेक घेऊन हे मापन करावे, अशी विनंती करून हा लेख पूर्ण करतो.